बोटीचे इंजिन स्लोला बंद पडते तेव्हा : प्रस्तावना

रेस दिली की इंजिन खणखणीत चालते. रेस सोडून स्लोवर आणले की मिसिंग करते, दोन-चार गचके खाते आणि बंद पडते. छोट्या बोटींच्या इंजिनांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि ती नेमकी अडचणीच्या जागी उद्भवते. मोकळ्या पाण्यात बोट पळत असताना स्लोची गरज पडत नाही. काठाला लागताना, माणसे चढवता-उतरवताना, टाकलेल्या जाळ्यांमधून वाट काढताना किंवा फ्लेमिंगोच्या थव्याजवळ जाताना रेस सोडावीच लागते, आणि तिथेच इंजिन दगा देते.

इंदापूर तालुक्यात हा प्रश्न उजनीच्या पाण्याशी जोडलेला आहे. भीमेवर माढा तालुक्यात बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या जलाशयाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. पाण्याचा फुगवटा पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या हद्दीत पसरतो. इंदापूरच्या बाजूला भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव, कळाशी ही काठावरची गावे. इथे चिलापी पकडणाऱ्या मच्छीमारांच्या होड्या आहेत, हिवाळ्यात पक्षी दाखवणाऱ्या बोटी आहेत आणि पलीकडच्या करमाळ्याच्या काठाकडे माणसे नेणाऱ्या लाँचही चालत आल्या आहेत. काही होड्या अजून वल्ह्यावर किंवा बांबूवर चालतात. बाकीच्यांवर एक तर मागे अडकवलेले पेट्रोलचे आउटबोर्ड असते, नाही तर बोटीत बसवलेले डिझेल इंजिन.

शेजारचे बारामती शहर जलाशयापासून दूर असले तरी इंजिनाचे ज्ञान या पट्ट्यात भरपूर आहे. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा तीनचाकी वाहनांचा कारखाना आहे. मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर आणि शेतीपंप दुरुस्त करणारे मिस्त्री बारामती, भिगवण आणि इंदापुरात आहेत. कार्बोरेटर, प्लग, नोजल, डिझेल पंप या गोष्टी त्यांना नव्या नाहीत. मात्र बोटीचे इंजिन तीन बाबतींत वेगळे असते. ते थंड होण्यासाठी बहुधा जलाशयाचेच पाणी आत ओढते. ते वर्षातले कित्येक महिने तसेच पडून राहते. आणि आउटबोर्डला मोटारसायकलसारखा हळूहळू सोडता येणारा क्लच नसतो; गिअर टाकताच दाते एकदम अडकतात आणि पाण्यातला पंखा इंजिनाच्या गळ्यात पडतो. स्लोच्या दोषांचा शोध घेताना हे तीनही फरक पुन्हा पुन्हा आडवे येतात.

स्लो म्हणजे इंजिनाने स्वतःला कसेबसे चालू ठेवण्याची अवस्था. आउटबोर्ड पूर्ण रेसवर मिनिटाला साधारण ५,००० ते ६,००० फेरे घेते. स्लोवर हे फेरे ७०० ते १,००० च्या आसपास असतात. फिरत्या चाकातली ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून ५,००० फेऱ्यांवर फ्लायव्हीलमध्ये जेवढी ऊर्जा साठलेली असते, तिचा सुमारे चाळिसावा भागच ८०० फेऱ्यांवर उरतो. पूर्ण रेसवर एखादा स्फोट चुकला तर चाकाच्या जोरावर इंजिन पुढे निघून जाते आणि चालवणाऱ्याला कळतही नाही. स्लोवर लागोपाठ दोन स्फोट चुकले की चाक थांबते. रेसवर झाकलेला दोष स्लोवर उघडा पडतो, तो यामुळे. स्लोला बंद पडणे हा एक ठरावीक बिघाड नाही. इंधन, ठिणगी, हवा, दाब आणि भार यांपैकी कशात तरी आलेली उणीव तिथे सर्वात आधी दिसते, एवढेच.

या तक्रारीवर काठावर सर्रास होणारा उपाय म्हणजे स्लोचा स्क्रू पिळून फेरे वाढवणे. इंजिन चालू राहते, पण दोष जागेवरच राहतो आणि नवा धोका तयार होतो. आउटबोर्डचा गिअर कमी फेऱ्यांवर टाकण्यासाठीच बनवलेला असतो. वाढवलेल्या स्लोवर गिअर टाकला की दाते खटकन आपटतात, कालांतराने त्यांच्या कडा झिजतात आणि मग गिअर चालता चालता सुटू लागतो. शिवाय गिअर टाकताच बोट झेप घेते. उभा असलेला प्रवासी तोल जाऊन पडू शकतो. म्हणून स्लोचा स्क्रू ही तपासणीची पहिली पायरी नसून शेवटची आहे.

पहिली पायरी हत्याराविना होते : इंजिन नेमके कधी बंद पडते, हे पाहणे. न्यूट्रलमध्येही स्लोला टिकत नसेल तर दोष इंधनात, ठिणगीत, हवेत किंवा दाबात शोधावा. न्यूट्रलमध्ये नीट चालते आणि गिअर टाकताच बसते, तर संशय भारावर, म्हणजे पंखा, गिअरपेटी आणि गिअरच्या केबलवर. सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटे चालून मग बंद पडत असेल तर टाकीची हवा कोंडणे, इंधन अपुरे येणे किंवा गरम झाल्यावर इग्निशन कॉइल निकामी होणे यांकडे पाहावे. थंड असताना बंद पडते आणि तापल्यावर सुधारते, तर चोक किंवा थर्मोस्टॅट. एकदम रेस सोडल्यावरच बंद पडत असेल तर कार्बोरेटरच्या तरंग्याची पातळी आणि स्लोचा मार्ग. ही उत्तरे नोंदवून ठेवली तर निम्मे काम झालेले असते; ती न घेता प्लग, कॉइल, कार्बोरेटर एकामागून एक बदलत गेल्यास पैसा जातो आणि कारण हाती लागत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पाहून घ्यावी. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची किल स्विचची दोरी स्विचवर सैल बसलेली असेल, तर स्लोच्या थरथरीने संपर्क तुटून इंजिन क्षणात बंद होते. गचके न खाता, दिवा मालवावा तसे इंजिन बंद पडले तर संशय विजेवर. कुरकुरत, दम तुटत बंद पडले तर बहुधा इंधनावर.

इंधनाची तपासणी टाकीपासून सुरू करून इंजिनाकडे जावी. सुट्या टाकीच्या झाकणावर हवा आत येण्यासाठी छोटा स्क्रू असतो. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद केला जातो आणि बोटीवर उघडायचा राहून जातो. मग पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी टाकीत पोकळी तयार होते, नळी पेट्रोल ओढू शकत नाही आणि थोड्या वेळाने इंजिन दम टाकते. झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज आला आणि इंजिन सुधारले, तर दोष तोच. त्यानंतर नळीवरचा रबरी पंप. इंजिन बसू लागताच तो दाबून पाहावा. दाबल्यावर इंजिन सावरत असेल तर इंधनपंपाचा पडदा फाटलेला असण्याची किंवा नळीत कुठे तरी हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. ही नळी पेट्रोल ओढून घेते, त्यामुळे तिला तडा गेला तरी बाहेर पेट्रोल ठिबकेलच असे नाही. उलट आत हवा जाते. पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

पेट्रोलच्या दर्जाचा प्रश्न या भागात विशेष लक्ष देण्यासारखा आहे. बारामती-इंदापूर हा उसाचा पट्टा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी अशी साखर कारखान्यांची रांगच इथे आहे, आणि उसापासून इथेनॉल ही या उद्योगाची नेहमीची वाट झाली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०३० वरून २०२५-२६ वर आणले आणि पंपावरचे पेट्रोल त्याप्रमाणे बदलले. रोज धावणाऱ्या मोटारसायकलीची टाकी आठवड्याभरात रिकामी होते. बोटीचे तसे नसते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंजिनाला पेट्रोल पुरवणारी नळीही तळाशीच असते. जुन्या रबरी नळ्या आणि पडदेही इथेनॉलने फुगतात किंवा ठिसूळ होतात. अनेक आउटबोर्ड उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे आपल्या पुस्तिकेत लिहितात. म्हणून हंगाम संपल्यावर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करणे, नव्या हंगामात ताजे पेट्रोल भरणे आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवणे, हे तीन उपाय इथे ऐच्छिक मानता येत नाहीत. पेट्रोल तपासण्याची रीत सोपी आहे : कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर ते पाणी.

पावसाळाभर झाकून ठेवलेली आणि पक्ष्यांच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, पुन्हा पाण्यात उतरवलेली बोट स्लोला बंद पडली तर पहिला संशय कार्बोरेटरवर येतो. रेसवर पेट्रोल मुख्य जेटमधून येते. स्लोवर झडप जवळजवळ मिटलेली असते, हवेचा वेग मुख्य जेटमधून पेट्रोल ओढण्याइतका नसतो, आणि सगळा पुरवठा पायलट जेटच्या छिद्रातून होतो. छोट्या इंजिनात या छिद्राचा व्यास बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून कमी असतो. साठलेले पेट्रोल उडून गेले की मागे चिकट, पिवळसर वार्निशासारखा थर राहतो. मुख्य जेटला त्याने फारसा फरक पडत नाही; पायलट जेट मात्र बंद होते. ओळखायची खूण म्हणजे चोक थोडा ओढला की इंजिन टिकते, सोडला की बंद पडते. याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. वाटी उघडून जेट काढावे, उजेडासमोर धरून छिद्र गोल आणि मोकळे आहे का पाहावे, कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाच्या हवेने ते साफ करावे. छिद्रात तार घालण्याची सवय टाळावी; पितळ मऊ असते, छिद्र मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते. झडपेच्या कडेला असलेली बारीक छिद्रेही त्याच वेळी साफ करावीत, कारण पायलट जेटचे पेट्रोल तिथूनच बाहेर पडते. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण बसेपर्यंत किती फेरे जातात ते मोजून लिहावे आणि परत तेवढाच उघडावा.

ठिणगीची तपासणी प्लगपासून होते. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त; पेट्रोलने ओला प्लग म्हणजे ठिणगी नाही किंवा पेट्रोल उतू जाते आहे; फिकट पांढरा म्हणजे पेट्रोल कमी; पाण्याचे थेंब असतील तर आत पाणी जाते आहे. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल बहुधा पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. ५० ला १ हे प्रमाण असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर. अंदाजाने जास्त ऑइल ओतले आणि पक्षी दाखवताना इंजिन तासभर स्लोवर ठेवले, तर प्लगवर तेलकट काजळी चढते आणि इंजिन स्लोला मिसिंग करू लागते. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर मेला असेल तरी रेसवर ते चालते. स्लोवर मात्र एकट्या सिलिंडरला भार पेलत नाही. ठिणगी पाहताना प्लग इंजिनाच्या धातूला टेकवूनच पाहावा आणि जवळपास उघडे पेट्रोल नाही याची खात्री करावी.

हवेचा दोष म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटमधून नको तेवढी हवा आत जाणे. स्लोवर एकूण हवाच थोडी असते, त्यामुळे केसाएवढ्या फटीनेही मिश्रण पातळ होते आणि फेरे वर-खाली होत राहतात. चालू इंजिनाच्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारला आणि आवाज बदलला, तर गळती तिथे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे सील गेले तरी हेच घडते. शेवटी दाब : गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट यांचा विचार करावा लागतो, आणि ते काम काठावरचे नाही.

भाराचे दोष उजनीत जास्त आढळावेत अशीच परिस्थिती आहे. पुण्याकडून नदीमार्गे येणारी जलपर्णी फुगवट्यात पसरते. तिच्या मुळ्या पंख्याला गुंडाळतात. त्याहून चिवट म्हणजे जाळ्याचा तंगूस. तो पंख्याच्या मागे शाफ्टवर असा आवळला जातो की बाहेरून काही दिसत नाही. तो सील कापतो, गिअरपेटीत पाणी जाते आणि ऑइल दुधासारखे पांढरे होते. इंजिन बंद करून, किल स्विचची दोरी काढून, न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे. जड लागला तर पंखा उतरवून शाफ्ट पाहावा. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरले, की पाण्याखालच्या भिंती, झाडांची खोडे आणि शेतीपंपांचे पाइप वर येतात. पळसदेवचे जुने मंदिरही अशा वेळी उघडे पडते. पंख्याचे पाते वाकते ते याच दिवसांत. त्याच दिवसांत थंड करणाऱ्या पाण्याच्या जाळीवर गाळ आणि कचरा बसतो. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार मंदावली तर इंजिन तापते आहे असे समजून लगेच बंद करावे. उलट, थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन तापतच नाही, पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि स्लो डळमळतो.

डिझेल इंजिनात प्लग नाही, कार्बोरेटर नाही; त्यामुळे यादी लहान होते. रेसवर चालणारे डिझेल स्लोला बसत असेल तर आधी डिझेलमध्ये हवा शिरली आहे का ते पाहावे. टाकीपासून पंपापर्यंतच्या सांध्यातून, विशेषतः फिल्टर बदलल्यावर नीट न बसलेल्या वॉशरमधून, हवा आत जाते. फिल्टरवरचा हवा काढण्याचा बोल्ट सैल करून हातपंप मारत राहावे. बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येऊ लागले की बोल्ट आवळावा. शेतीपंप चालवणाऱ्यांना ही कृती सवयीची आहे. त्यानंतर फिल्टर : पत्र्याच्या ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये गंज आणि पाणी येतेच. मग नोजल : धुक्यासारखा फवारा मारण्याऐवजी ते ठिबकत असेल तर स्लोला खडखड आणि धूर येतो. व्हॉल्व्हची फट कमी झाल्यानेही स्लोवर दाब पुरत नाही. पंप आणि गव्हर्नर यांचे सील मात्र काठावर तोडू नये. ते काम चाचणीयंत्र असलेल्या पंप दुरुस्तीच्या दुकानात व्हावे.

नव्या फ्युएल इंजेक्शनच्या आउटबोर्डमध्ये स्लो संगणक ठरवतो. तिथे बॅटरीचे टर्मिनल, पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि हवेच्या मार्गातली काजळी एवढेच मालकाने पाहावे; पुढचे काम निदानयंत्राचे.

तपासणी कुठे आणि कशी करावी, हा सुरक्षेचा भाग आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. काम करण्याआधी तळ मोकळा करून हवा खेळू द्यावी. आउटबोर्ड कोरडे चालवू नये, त्यातला पाणी ओढणारा रबरी इंपेलर थोड्याच वेळात जळतो. जमिनीवर चाचणी करायची तर इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून आणि पंखा काढून करावी. गिअर टाकल्यावरची चाचणी मात्र पाण्यात, बोट काठाला दोन दोरांनी बांधून घ्यावी लागते.

पाण्यात मध्येच इंजिन बंद पडले तर दुरुस्तीच्या आधी बोट सांभाळावी. उजनीचे पात्र रुंद आणि उघडे आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचा वारा अचानक उठतो. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या काठावरचे कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. इंजिन बंद असलेली बोट वाऱ्याला आडवी होते आणि लाटा बाजूने आत येतात. म्हणून आधी नांगर टाकून किंवा वल्ह्याने नाळ वाऱ्याकडे ठेवावी, प्रवाशांना खाली बसवावे, सर्वांच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याचे पाहावे, आणि मगच टाकीचे झाकण, रबरी पंप, किल स्विच व प्लग या क्रमाने हात घालावा. दोन वल्ही, नांगर व दोर, जादा प्लग, प्लगचा पाना आणि पंख्याची जादा पिन एवढे सामान बोटीत नेहमी असावे.

दोष सापडून दूर झाल्यावर, इंजिन पूर्ण तापल्यावर, चोक पूर्ण उघडा असताना आणि गिअर टाकून फेरे मोजत स्लोचा स्क्रू पुस्तिकेतल्या आकड्यावर आणावा. पाच मिनिटे स्लो, एकदम रेस, एकदम सोडणे, पुढचा गिअर, मागचा गिअर, या पाचही परीक्षांत इंजिन टिकले तर दुरुस्ती झाली असे समजावे. त्यानंतर तारीख, सापडलेले कारण, बदललेला भाग आणि स्क्रूचे फेरे वहीत लिहावेत. स्क्रू पुस्तिकेच्या आकड्यापेक्षा वर ठेवल्याशिवाय इंजिन टिकत नसेल, तर मूळ दोष अजून आतच आहे आणि तपासणी पुन्हा टाकीपासून सुरू करावी.